पॉइंट सिक्सचं भोक

एसटीत बसल्यावर या बाईंना नीट ऐकू येतं आणि घरात मात्र हाका मारमारून माणसं थकतात. साहजिकच, ‘सोयीचं बहिरेपण’ असा शिक्का घरच्यांनी मारून टाकला होता. डॉक्टरांना मात्र नेमकी तीच खूण वाटली. आजाराचं नाव ओटोस्क्लेरोसिस. मधल्या कानातली रिकीब, म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान, जेमतेम तीन मिलिमीटरचं हाड, तळाशी नवं हाड साठून जागीच घट्ट बसतं. गाडीची घरघर मग अशा कानापर्यंत फारशी पोचत नाही आणि त्या घरघरीत शेजारचा माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. हा आजार बायकांमध्ये जास्त. इतकी वर्षं टोमणे खाल्लेल्या त्या कानात आहे तरी काय, ते मला बघायचं होतं.

थिएटरमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे, बाईंच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या. भूल फक्त कानापुरती. पडदा उचलून दुमडला, आड येणारी चवीची नस अलगद बाजूला सारली, रिकिबीची कमान सोडवून काढली.

“आता पॉइंट सिक्स,” डॉक्टर म्हणाले.

उरलेल्या पातळ तळाला ०.६ मिलिमीटरचं भोक पाडायचं होतं. पलीकडे लगेच आतल्या कानातलं पाणी. कार्बन डायऑक्साइड लेझर पाण्यातच शोषला जातो, खोल जात नाही. शिवाय हाडाला हत्याराचा धक्का बसत नाही. पेडलवर पाय, एकेक ठिपका, ठिपक्याला लागून ठिपका. जळक्या नखासारखा वास आला. पॉइंट सिक्स.

लेझरचं काम एवढंच, तेही क्षणांचं. जाहिरातीत मात्र नायक तोच! अमेरिकेत जॉन शे यांनी १९५६ मध्ये रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली, तेव्हा कानाच्या थिएटरात लेझर नव्हता. आजही सरावलेल्या हाताला बारीक ड्रिल पुरतं. माझी नजर त्या हातावरच खिळली होती: भोकात रिकिबीच्या जागी बसणारा पिस्टन उतरवून त्याचा आकडा ऐरणीच्या हाडाला आवळणारा हात.

“मावशी, चक्कर येतेय का?” सवयीनं डॉक्टरांचा आवाज चढलेलाच.

“नाही. पण ओरडताय कशाला?”

सिस्टर खुदकन हसल्या.

दुसऱ्या कानाचं काय, हे बाईंनी तिथेच विचारून घेतलं. शंभरात एखादा कान या ऑपरेशनात कायमचा जातो, हे सही घेतानाच त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे निदान सहा महिने तरी त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.