कोबीचे पान उलटून पाहा

भाताची कापणी संपली की ओरोसच्या आसपास विहिरीच्या पाण्यावर भाजीचे वाफे दिसू लागतात. मुळा, नवलकोल, थोडा कोबी. पहाटे पानापानांवर दंव असते. आपल्याला ते मोत्यांसारखे वाटते; रोगाच्या बीजाणूला मात्र तेच हवे असते. पान काही तास ओले राहिल्याशिवाय बहुतेक बीजाणू रुजतच नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी भिंग घेऊन वाफ्यात जा. कोबीच्या पानावर फिकट पिवळा डाग दिसला तर पान उलटा. डागाच्या बरोबर मागे पांढुरकी लव असेल तर तो केवडा. उन्हात ही लव सुकते, म्हणून दुपारी जाणाऱ्याला ती सापडत नाही. मुळ्याच्या पानामागे चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. गंमत अशी की, या दोन्ही रोगांना आपण बुरशीचे रोग म्हणत असलो तरी त्यांचे कारक खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. ते तपकिरी शेवाळांचे दूरचे नातलग आहेत. तपकिरी डागात वर्तुळात वर्तुळे दिसली तर तो करपा. ही मात्र खरी बुरशी.

पानाच्या कडेपासून आत शिरणारा, 'व्ही' अक्षरासारखा पिवळा डाग आणि त्यात काळ्या शिरा असतील तर? येथे पुष्कळांची फसगत होते. हा घाण्या रोग, आणि तो जिवाणूंमुळे होतो. केवळ बुरशीवर चालणारे औषध त्यावर मारले तर पैसे पाण्यात.

पोफळीच्या कोळे रोगावर आपल्याकडे फवारतात ते बोर्डो मिश्रण तुम्ही पाहिले असेल. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षांच्या केवड्यावर उपाय म्हणून पुढे आणले. पण तांब्याचे औषध बीजाणू रुजण्याआधी पानावर असावे लागते. रोग एकदा आत शिरला की ते त्याला बाहेर काढू शकत नाही.

म्हणून खरी काळजी आधीची. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे; संध्याकाळी पानांवर ओतलेले पाणी रात्रभर तसेच राहते. करपा आणि घाण्या हे दोन्ही रोग बियाण्यातूनही येतात. औषध न चोळलेले कोबीचे बी कापडाच्या पुरचुंडीत बांधून ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे ठेवतात, मग गार पाण्यात बुडवून सावलीत सुकवतात. तापमापक हवाच, कारण पाणी अधिक तापले तर बी उगवत नाही.

आणखी एक चूक शाळेच्या बागेतही होते. कोबी काढला की त्याच वाफ्यात मुळा लावतात आणि पीक बदलले असे समजतात! मुळ्याचे किंवा मोहरीचे फूल पाहा: चार पाकळ्या, क्रुसासारख्या. कोबीचे फूलही तसेच. कुटुंब एकच, त्यामुळे रोगही बहुतेक तेच. त्या वाफ्यातली रोगट पाने वेचून दूर पुरावीत आणि पुढची दोन-तीन वर्षे तेथे चवळी, वाल किंवा भेंडी घ्यावी.