गणितात आधी पुढे गेलं की फायदाच?

हुशार मुलाला वरच्या वर्गाचं गणित आधीच शिकवलं, तर ते कोमेजतं, एकटं पडतं, असं अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायला लावली. ३५ वर्षं पाठपुरावा करून, ही मुलं पन्नाशीला पोहोचल्यावर त्यांची पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतली जी मुलं पुढच्या वर्गात गेली, त्यांचं मनःस्वास्थ्य त्यामुळे बिघडल्याचं आढळलं नाही. ऑस्ट्रेलियाचा गणितज्ञ टेरेन्स टाओ नवव्या वर्षी विद्यापीठातल्या गणिताच्या तासांना बसत होता. पूर्णवेळ प्रवेश मात्र त्याने चौदाव्या वर्षी घेतला.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: काहींना फायदा होतो, तर सगळ्यांनाच पुढे ढकला!

नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग शाळांनी २००२-०३ मध्ये नेमकं हेच केलं. आठवीतच बीजगणित घेणाऱ्या मध्यम गतीच्या मुलांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, ते जवळपास ९० टक्क्यांवर गेलं. या मुलांना बीजगणिताच्या परीक्षेत गुण कमी पडले आणि पुढची भूमिती वेळेत पार करण्यातही त्यांची सरशी झाली नाही. थोड्याच वर्षांत प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आलं. सगळ्यांना थांबवणं हाही उपाय नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित बंद केलं. २०२४ मध्ये मतदारांनीच ते परत आणावं असा कौल मोठ्या बहुमताने दिला.

मग मूल तयार आहे की नाही, हे ओळखायचं कसं? झटपट उत्तरांवरून तर नाहीच. ८ + ४ = □ + ५ हे गणित घ्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही चौकटीत ७ लिहिले नाहीत. बहुतेकांनी १२ लिहिले, काहींनी सगळ्यांची बेरीज करून १७. बेरीज सर्वांना येत होती. पण '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी त्यांची समजूत होती; दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात, हे उमगलंच नव्हतं. बीजगणितातलं प्रत्येक समीकरण याच समजुतीवर उभं राहतं.

वरच्या इयत्तेचं पुस्तक आणण्याआधी पालकांनी मुलाला एवढं एक गणित जरूर घालावं, आणि उत्तर बरोबर आलं तरी 'का?' हे विचारावं.