चोथ्याचे मोल

सृष्टीच्या व्यवहारात कचरा असा नाहीच. झाडाचे पान गळून पडते, मातीत कुजते आणि पुढच्या वर्षीच्या पालवीचे अन्न होते. एकाचे उरलेले ते दुसऱ्याचे भांडवल, असे हे चक्र अखंड फिरत असते. मनुष्याने उभारलेले उद्योग मात्र बहुधा सरळ रेषेत चालतात. कच्चा माल आणावा, वस्तू तयार करावी आणि उरलेले फेकून द्यावे, हा त्यांचा परिपाठ. उद्योगांनीही सृष्टीप्रमाणे चक्राची वाट धरावी, हा विचार आज जगभर मांडला जातो. अशा व्यवस्थेला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात. परंतु केवळ इच्छा केल्याने कोणताही उद्योग चक्राकार होत नाही. त्याच्या अंगी काही गुण असावे लागतात. ते कोणते, हे महाराष्ट्राच्या परिचयाच्या साखरधंद्यावरून चांगले कळते.

गुऱ्हाळात ही रीत पूर्वापार आहे. चरकातून निघालेली चिपाडे वाळवून चुलवणात घालतात आणि त्यांच्याच आचेवर काहिलीतला रस आटतो. उसाचे हिरवे वाढे गुरांच्या पुढे पडते, राख शेतात जाते. तेथे काम थोडे, म्हणून व्यवस्थाही सोपी. साखर कारखान्यात मात्र दररोज हजारो टन ऊस गाळला जातो. गुऱ्हाळात जो ढीग असतो, तो येथे डोंगर होतो.

१०० टन ऊस गाळला, तर साखर निघते सुमारे १० ते ११ टन. ओला चोथा, ज्याला कारखान्यात ‘बगॅस’ म्हणतात, तो निघतो सुमारे ३० टन. चार टनांच्या आसपास दाट काळी मळी उरते, आणि रस स्वच्छ करताना तीन-चार टन गाळ खाली बसतो. त्याला ‘प्रेसमड’ असे नाव आहे. बाकीचे बहुतेक पाणी असते. म्हणजे जी वस्तू तयार करण्यासाठी एवढा खटाटोप, तिच्यापेक्षा ‘उरलेले’च अधिक!

या प्रत्येकाला आपापली वाट आहे. चोथा बॉयलरमध्ये जळतो. त्याच्या उष्णतेने झालेली वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज निर्माण करते आणि मग तीच वाफ रस आटविण्याच्या कामी येते. रसातून निघालेली वाफ थंड केली की तिचे पाणी होते. ते पुन्हा कारखान्यात वापरता येते. मळी आंबवून मद्यार्क काढतात. त्यातील पाण्याचा अंश काढून टाकला की पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे इथेनॉल मिळते. असे मिश्रण करण्याचा सरकारी कार्यक्रम भारतात २००३ साली सुरू झाला. प्रेसमड कुजवून त्याचे उत्तम खत होते.

या चक्रामागे निसर्गाचे एक सुंदर रहस्य आहे. साखर ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची बनलेली असते. उसाने ही द्रव्ये हवेतून आणि पाण्यातून घेतलेली असतात. त्यामुळे साखरेचे पोते गावाबाहेर गेले, तरी त्याच्याबरोबर शेताचा कस जात नाही. मातीतून उसाने घेतलेले स्फुरद, पालाश इत्यादी अंश प्रेसमड, मळी आणि राख यांतच मागे राहतात. ते शेताला परत दिले, तर मातीचे मातीला मिळते. फेकून दिले, तर मातीचे भांडवलच उधळले जाते.

मग सर्वच कारखाने हे सहज का करू शकत नाहीत? येथेच उद्योगाच्या गुणांची परीक्षा होते. पहिला गुण म्हणजे मोजमापाची सवय. काय उरते, किती उरते आणि त्यात कोणता अंश आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याचे मोल कळणार नाही. दुसरा गुण दूरदृष्टीचा. जुन्या धाटणीच्या, कमी दाबाच्या बॉयलरमध्ये पुष्कळसा चोथा जळे, पण वीज थोडीच मिळे. उच्च दाबाचे बॉयलर बसविले म्हणजे कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकताही येते. परंतु त्यासाठी आज मोठी रक्कम गुंतवून फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. ज्याचे लक्ष केवळ याच हंगामाच्या नफ्यावर आहे, त्याला हे धैर्य होत नाही. तिसरा गुण शेजाराचा. ओले प्रेसमड जड असते. ते दूर न्यावे तर भाडेच खतापेक्षा महाग पडते. घेणारा जवळ आणि खात्रीचा असला, तरच उरलेल्याला किंमत येते.

चौथा गुण परस्परविश्वासाचा. महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांना तो आपल्या घडणीमुळेच लाभू शकला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० साली तेथे गाळप सुरू झाले. अशा कारखान्यात ऊस देणारा शेतकरी हाच सभासद, तोच मालक आणि खत घेणाराही तोच. ज्याच्या शेताचा कस कारखान्यात आला, त्यालाच तो परत करावयाचा असल्याने चक्राची दोन टोके जुळणे सोपे जाते.

सर्वांत अवघड गुण मात्र शेवटचा. तो म्हणजे प्रामाणिकपणा. मद्यार्क काढल्यावर तांबूस-काळे, उग्र वासाचे सांडपाणी उरते. एक लिटर मद्यार्कामागे ते अनेक लिटर असते. हवाबंद टाक्यांत जिवाणूंच्या साहाय्याने त्यापासून जळणाचा वायू मिळतो. पुढे ते प्रेसमडवर शिंपडून खत करता येते. परंतु या सर्व खटपटीला खर्च येतो, आणि रात्रीच्या अंधारात ते ओढ्यात सोडून देण्यास काहीच पडत नाही! तसे करण्यास कायद्याची मनाई आहे. तरीही ते ओढ्यात गेले, तर पाण्यातील प्राणवायू नाहीसा होतो, मासे तडफडून मरतात आणि काठच्या विहिरींचे पाणी बिघडते. उरलेला पदार्थ एकच. एका हाती तो खत होतो आणि दुसऱ्या हाती विष.

अर्थात, एवढ्याने सारे साधले असे नव्हे. ऊस हे फार पाणी घेणारे पीक आहे. चोथ्याचा हिशेब चोख ठेवला आणि विहिरी कोरड्या पडू दिल्या, तर चक्र अपुरेच राहील. जेथे पाऊस कमी, तेथे कोणते पीक किती घ्यावे याचा विचारही त्याच हिशेबात आला पाहिजे.

टाकाऊ पदार्थाला मोल असते ते केवळ त्या पदार्थात नव्हे. ते ओळखणारे ज्ञान, त्यासाठी थांबणारे धैर्य, जवळचा आणि विश्वासाचा शेजार, आणि कोणी पाहत नसतानाही योग्य तेच करणारी वृत्ती, यांनी ते त्याला प्राप्त होते. हे गुण ज्या उद्योगात आहेत, त्याच्या अंगणात कचऱ्याचा डोंगर उभा राहत नाही; आणि ज्या मातीने त्याला धन दिले, त्या मातीचे ऋण तो थोडे तरी फेडीत असतो.