होमस्कूलिंग कोणाला परवडते?

घोकंपट्टी, परीक्षेचा ताण, वर्गातला छळ. अशा कारणांनी काही पालक मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. मुंबईच्या मालविका जोशीला आईने सातवीनंतर शाळेतून काढले. संगणक ऑलिम्पियाडमधील तीन पदकांच्या जोरावर 2016 मध्ये तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटी मात्र बंद होती.

मानखुर्दच्या वस्तीत हे जमेल? त्यासाठी शिकलेला आणि दिवसभर मोकळा असणारा पालक लागतो. इथे आई घरकामाला गेली की ‘घरी शिकणारी’ मुलगी धाकट्या भावाला सांभाळते. याला शाळा सुटणे म्हणतात. बाबासाहेबांना शाळेत वेगळे गोणपाटावर बसवले, तरी ते शिकत राहिले. पुढे 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. वर्गात जातीवरून कोणी हिणवत असेल, तर लेखी तक्रार करा, पोरगी घरी बसवू नका.

शाळा सुटलीच असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्याहून मोठ्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून किंवा एनआयओएसमधून दहावीला बसता येते.