दुभाष्याची परीक्षा : चिनी विद्यार्थी तिची तयारी कशी करतो

दोन माणसें समोरासमोर बसलीं आहेत. एकाला चिनी येतें, दुसऱ्याला इंग्रजी. एकाच्या बोलण्याचें अक्षरहि दुसऱ्याला समजत नाहीं. त्यांच्यामध्यें तिसरा एक मनुष्य हातांत लहानशी वही घेऊन बसला आहे. पहिला दोन-चार मिनिटें बोलतो व थांबतो. मग हा तिसरा मनुष्य तेंच सारें दुसऱ्याच्या भाषेंत सांगतो. या तिसऱ्यास आपण दुभाषी म्हणतों. पुस्तकाचें भाषांतर करणाराजवळ कोश असतो, वेळ असतो, लिहिलेलें खोडण्याची मुभा असते. दुभाष्यापाशीं यांपैकीं कांहींच नसतें. शब्द एकदां कानांवरून गेला कीं गेला. शिवाय तो सांगतो तें खरें कीं खोटें, हें समोरच्या दोघांपैकीं कोणालाच ताडून पाहतां येत नाहीं. दोघेहि केवळ त्याच्यावर विश्वास ठेवून बसलेले असतात.

असें नाजूक काम करणाराची परीक्षा कशी घ्यावी, व त्या परीक्षेस बसणारानें तयारी तरी कशी करावी? चीन देशांत या प्रश्नाचा पुष्कळ विचार झाला आहे. इंग्रजी ही आपणांप्रमाणेंच चिनी विद्यार्थ्यासहि परकी भाषा. म्हणून त्याच्या तयारीची हकीकत आमच्या विद्यार्थिवर्गास व पालकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

या विषयाचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. इ. स. १८५८ मध्यें ब्रिटिशांशीं झालेल्या तिएन्त्सिनच्या तहांत असें एक कलम होतें कीं, इंग्रजी व चिनी मजकुरांत फरक पडल्यास इंग्रजी मजकुराचाच अर्थ खरा धरावा. ज्या राज्यांत इंग्रजी जाणणारे विश्वासू अधिकारी जवळजवळ नव्हतेच, त्या राज्यास हें कलम केवढें जाचक झालें असेल! परक्यांच्या दुभाष्यांवर विसंबून राहणें म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हातीं देणें, हें राज्यकर्त्यांच्या ध्यानांत आलें आणि १८६२ सालीं पेकिंग येथें 'थुंग-वन ग्वान' नांवाची भाषाशाळा सरकारनें स्थापन केली. आरंभ इंग्रजीच्या वर्गानें झाला. पुढें फ्रेंच, रशियन इत्यादि भाषांचे व शास्त्रांचेहि वर्ग निघाले. १८६९ सालीं या शाळेच्या प्रमुखपदीं विल्यम मार्टिन या अमेरिकन मिशनऱ्याची नेमणूक झाली. हेन्री व्हीटन यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचें चिनी भाषांतर त्यांनीं १८६४ सालींच प्रसिद्ध केलें होतें. १९०२ सालीं ही शाळा पेकिंगच्या नव्या विद्यापीठांत विलीन झाली. दुभाषी तयार करणें ही चैन नसून राष्ट्राची गरज आहे, हा धडा मात्र चीन विसरला नाहीं.

हल्लीं तेथें २००३ सालापासून भाषांतरकार व दुभाषी यांच्यासाठीं राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते. तिच्या श्रेणी आहेत. तिसरी खालची, दुसरी व पहिली वरच्या. दुसऱ्या श्रेणीच्या परीक्षेंत प्रश्नपत्रिका दोन. पहिलींत इंग्रजी ऐकून किती समजतें तें पाहतात. दुसरींत प्रत्यक्ष तोंडी भाषांतर करावयाचें असतें. एका तासांत सुमारें १,००० इंग्रजी शब्दांचीं भाषणें चिनींत, व सुमारें १,००० चिनी अक्षरांचीं भाषणें इंग्रजींत सांगावयाचीं. दोहोंस पन्नास पन्नास गुण. भाषण कानांत एकदांच ऐकूं येतें. मध्यें ठराविक अवकाश मिळतो, तेवढ्यांत उत्तर बोलून संपवावयाचें असतें व तें ध्वनिमुद्रित होतें. दोन्हीं प्रश्नपत्रिकांत एकाच वेळीं उत्तीर्ण व्हावें लागतें.

आतां चिनी भाषिकास नेमकें काय कठीण जातें तें पाहूं. पहिली अडचण आंकड्यांची. आणि ती मराठी मुलांस इतर कोणाहूनहि लवकर कळेल. आपण सहस्र, लक्ष, कोटि अशीं मापें धरतों. इंग्रज हजार, मिलियन, बिलियन अशीं धरतो. म्हणून दहा लक्ष म्हणजे एक मिलियन, हें आपणांस क्षणभर थांबून आठवावें लागतें. चिनी मनुष्य चार चार अंकांचे गट करतो. दहा हजारांस तो 'वान' म्हणतो, आणि दहा हजार वानांस, म्हणजे आपल्या दहा कोटींस, 'यी' म्हणतो. २०२० सालच्या चिनी खानेसुमारीचा आंकडा घ्या : १,४१,१७,७८,७२४. आपण म्हणूं, एकशेंएकेचाळीस कोटि सतरा लक्ष अठ्ठ्याहत्तर हजार सातशें चोवीस. चिनी म्हणेल, चौदा यी, अकराशें सत्याहत्तर वान, आठ हजार सातशें चोवीस. इंग्रज म्हणेल, एक बिलियन, चारशें अकरा मिलियन, सातशें अठ्ठ्याहत्तर हजार, सातशें चोवीस. संख्या एकच, पण उच्चार तीन तऱ्हेचे. आणि दुभाष्याला हें रूपांतर वक्त्याचें पुढचें वाक्य ऐकतां ऐकतां करावें लागतें. एक शून्य चुकलें कीं कराराची रक्कम दसपट होते. यावर उपाय एकच. संख्या अक्षरांत न लिहितां अंकांत लिहावी, चिनी ऐकतांना चार चार अंकांनंतर रेघ ओढावी, आणि बोलतांना तीन तीन अंकांनीं वाचावी. मित्राकडून रोज दहा मिनिटें असे आंकडे सांगवून घेण्याचा परिपाठ चांगले विद्यार्थी परीक्षेपर्यंत मोडीत नाहींत. आंकड्यांतच आणखी एक खांच आहे. 'दुपटीपर्यंत वाढलें' आणि 'दुपटीनें वाढलें' यांस चिनींत वेगळीं रूपें आहेत. पहिल्याचा अर्थ मूळच्या दुप्पट, दुसऱ्याचा मूळच्या तिप्पट. एका लहानशा अक्षराकडे दुर्लक्ष झालें तर सारा हिशेब फसतो.

दुसरी अडचण व्याकरणाची. चिनी क्रियापदास काळाप्रमाणें रूपें होत नाहींत. 'काल', 'उद्यां' यांसारख्या शब्दांवरून, एखाद्या अव्ययावरून किंवा संदर्भावरून काळ ओळखावा लागतो. इंग्रजींत मात्र प्रत्येक क्रियापदाचा काळ ठरवूनच तोंड उघडावें लागतें. 'तो', 'ती' व 'तें' या तिहींस चिनी बोलण्यांत 'था' हा एकच उच्चार आहे. लिहितांना अक्षरें निराळीं, पण कानास भेद कळत नाहीं. म्हणून चांगला शिकलेला चिनी मनुष्यहि इंग्रजी बोलतांना एखाद्या बाईस भरसभेंत 'तो' म्हणून मोकळा होतो. उलट इंग्रजींतून चिनींत जातांना निराळेंच संकट उभें राहतें. इंग्रज 'अंकल' म्हणून सुटतो. पण चिनींत बापाच्या थोरल्या भावास 'बोबो', धाकट्यास 'शूशू' आणि आईच्या भावास 'ज्यूज्यू' म्हणतात. काका कीं मामा, हें ठरल्याशिवाय मराठी माणसाचें तरी पाऊल पुढें पडेल काय?

तिसरी अडचण वाक्यरचनेची. 'काल गांवाहून आलेल्या, वैद्यकी शिकणाऱ्या मुलाचें पत्र' असें आपण म्हणतों. यांत सारीं विशेषणें आधीं येतात आणि मुख्य शब्द 'पत्र' शेवटीं. चिनी रचना या बाबतींत अगदीं आपल्यासारखी आहे. इंग्रजीचा क्रम उलटा. आधीं पत्र, मग मुलगा, मग तो काय शिकतो व कोठून आला तें. म्हणजे चिनी वक्ता 'पत्र' हा शब्द उच्चारीपर्यंत दुभाष्याला सारीं विशेषणें मनांत धरून ठेवावीं लागतात. शिवाय चिनी वाक्यें पुष्कळदां 'म्हणून', 'जरी', 'कारण' हे शब्द गाळून नुसतीं शेजारीं शेजारीं ठेवलेलीं असतात. त्यांतील संबंध ऐकणारानें ओळखावयाचा आणि इंग्रजींत स्पष्ट बोलून दाखवावयाचा.

चौथी अडचण म्हणींची. चिनी वक्त्यास चार अक्षरांच्या म्हणी फार प्रिय. 'सापाचें चित्र काढून त्याला पाय जोडणें' म्हणजे नको तेवढें काम करून मूळचेंहि बिघडवणें. ही कल्पना कोणासहि समजेल. परंतु 'मेंढी गेल्यावर कोंडवाडा दुरुस्त करणें' ही म्हण फसवी आहे. इंग्रजींत घोडा पळाल्यावर तबेल्याचें दार लावण्याची म्हण आहे. तिचा अर्थ, आतां काय उपयोग! चिनी म्हणीचा भाव नेमका उलट आहे : एक मेंढी गेली, पण अजून दुरुस्ती केल्यास बाकीच्या वांचतील, उशीर झालेला नाहीं. घाईनें इंग्रजी म्हण योजणारा दुभाषी वक्त्याच्या आशेची निराशा करून टाकील. तसेंच, स्तुति केली असतां चिनी गृहस्थ 'नाली, नाली' म्हणतो. शब्दशः अर्थ 'कोठें, कोठें?' असा होतो. पण आपण 'कसचें, कसचें!' म्हणतों तसा तो विनय आहे. शब्दास धरून बसणारा येथें हास्यास्पद होतो.

मग तयारी करावी कशी? जाणते शिक्षक प्रथम वहीस हातच लावूं देत नाहींत. एक मिनिटाचें भाषण ऐकावयाचें आणि त्याच भाषेंत, आपल्या शब्दांत, मुद्दे न गाळतां पुन्हा सांगावयाचें. हें साधलें कीं दोन मिनिटें, मग तीन. यानें विद्यार्थ्यास एक गोष्ट कळते : जें समजलें तें आठवतें, जे नुसते शब्द ऐकले ते सांडून जातात. दुसरा अभ्यास सावलीसारखा बोलण्याचा. वक्त्याच्या मागोमाग, चार शब्दांचें अंतर ठेवून, त्याचेंच बोलणें उच्चारीत जावयाचें. कान व जीभ एकदम चालविण्याची संवय यानें लागते. तिसरा अभ्यास, वर्तमानपत्र डोळ्यांपुढें धरून न थांबतां दुसऱ्या भाषेंत वाचण्याचा.

यानंतर वहीची पाळी येते. या विषयावर झां-फ्रान्स्वा रोझां यांनीं १९५६ सालीं जीनिव्हा येथें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें, व त्यांतील सात तत्त्वें आजहि शिकविलीं जातात. त्यांचें सार असें कीं, शब्द न टिपतां विचार टिपावा. ओळी आडव्या न भरतां तिरप्या पायऱ्यांप्रमाणें खालीं खालीं उतरत जावें. आणि 'परंतु', 'म्हणून' हे सांधे व नकार कधींहि गाळूं नये. समजा, वक्ता म्हणाला : 'गेल्या वर्षीं पावसानें दगा दिल्यामुळें धान्य कमी पिकलें, तरी सरकारनें भाव वाढूं दिले नाहींत.' वहींत काय उमटावें? वर 'गेलें वर्ष'. त्याखालीं 'पाऊस' लिहून त्यावर काट. खालीं 'धान्य' व खालीं वळलेला बाण. मग ठळक 'तरी'. शेवटीं 'सरकार', 'भाव' आणि काट मारलेला वरचा बाण. एवढ्यावरून सारें वाक्य पुन्हा उभें राहतें. खुणा थोड्या असाव्या व आपल्या आपण ठरवाव्या. परीक्षेच्या दिवशीं नवी खूण शोधीत बसणारा पुढचें वाक्य गमावतो.

विषयांचें ज्ञान हा तयारीचा मोठाच भाग आहे. व्यापार, हवामान, आरोग्य, शेती यांची माहिती नसेल तर ओळखीचे शब्दहि कानांत अनोळखी वाटतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत चिनी व इंग्रजी दोन्हीं असल्यामुळें तेथील कागदपत्रें दोन्हीं भाषांत मिळतात. चिनी सरकारचा वार्षिक कार्यवृत्तान्तहि इंग्रजींत निघतो. विद्यार्थी प्रथम स्वतः भाषांतर करतो, तें ध्वनिमुद्रित करतो, आणि मग छापील भाषांतराशीं ताडून पाहतो. स्वतःचाच आवाज ऐकणें आरंभीं फार लाजिरवाणें वाटतें. किती वेळां अडखळलों, किती वाक्यें अर्धवट सोडलीं, हें सारें उघडें पडतें. पण याहून प्रामाणिक शिक्षक मिळणें नाहीं. तिघांनीं मिळून अभ्यास करणें तर सर्वांत उत्तम : एकानें बोलावें, दुसऱ्यानें भाषांतर करावें, तिसऱ्यानें दोष टिपावे, मग पाळी बदलावी.

परीक्षेच्या दालनांत अनेक उमेदवार एकाच वेळीं बोलत असतात. म्हणून गलबल्यांत मन स्थिर ठेवण्याची संवय घरींच केली पाहिजे. वाक्य एकदां उच्चारलें कीं वारंवार मागें फिरूं नये. अर्थाची चूक झाली असेल तेवढीच दुरुस्त करावी. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : एखादा तपशील निसटला तर तो गाळावा, पण मनानें रचून भरूं नये. गाळलेल्या तपशिलानें थोडे गुण जातात. रचलेल्या तपशिलानें बोलणाराच्या तोंडीं खोटें घातलें जातें. परीक्षेबाहेर, न्यायालयांत किंवा रुग्णालयांत, त्याच खोट्याची किंमत एखाद्या निरपराध माणसास द्यावी लागते.

ही हकीकत वाचून आमच्या एखाद्या विद्यार्थ्यास वाटेल कीं, एवढें सारें इंग्रजीच्याच प्रावीण्यासाठीं. तसें नाहीं. तोंडी भाषांतराच्या प्रश्नपत्रिकेचे अर्धे गुण चिनी बोलण्यास आहेत. इंग्रजी उत्तम समजून घेऊनहि तें स्वच्छ, डौलदार चिनींत सांगतां न आल्यामुळें अडणारे उमेदवार असतात. घरची भाषा येतेच, तिचा अभ्यास कसला, असें ते समजून बसलेले असतात. दुभाष्याला दोन पाय लागतात, आणि त्यांतला एक मातृभाषेचा असतो. आमच्या मुलांनीं आज संध्याकाळीं एवढेंच करून पाहावें : घरांतील वडील माणसाकडून एखादी गोष्ट पांच मिनिटें ऐकावी, आणि मग तीच, कांहीं न गाळतां व पदरचें कांहीं न घालतां, प्रथम शुद्ध मराठींत व नंतर इंग्रजींत त्यांस सांगावी. वडिलांनींहि मुलाला मध्यें न थांबवितां शेवटपर्यंत ऐकावें, आणि आपण सांगितलें तेंच परत आलें कीं नाहीं तेवढें पाहावें.