सुरकुती काढा, शाई भरू नका

‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८मध्ये अमेरिकेत १० सेंटला मिळत होता. सुपरमॅन त्यातच पहिल्यांदा अवतरला. त्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. ही प्रत काही निर्दोष नव्हती. तिला १० पैकी ८.५ गुण होते. जुन्या कॉमिक्सच्या बाजारात चित्रकार, कथा, नायक हे सगळं महत्त्वाचं असतंच. पण शेवटी सौदा अडतो तो या दशांश चिन्हाच्या उजवीकडच्या आकड्यावर.

पूर्वी विक्रेता आपल्या मालाचं वर्णन शब्दांत करायचा, ‘नवाकोरा’, ‘उत्तम’, ‘बरा’ असं. प्रत टपालाने घरी आली की त्या ‘उत्तम’चा खरा अर्थ गिऱ्हाइकाला कळायचा. २०००मध्ये सीजीसी या अमेरिकी कंपनीने तिऱ्हाइताची भूमिका घेतली. प्रत आमच्याकडे पाठवा, आम्ही तपासून ०.५ ते १० पर्यंत गुण देऊ आणि ती सीलबंद करून परत पाठवू, असा तो व्यवहार. ९च्या वरच्या पायऱ्या तर फारच बारीक आहेत: ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि मग १०. ९.४ आणि ९.८ यांतला फरक साध्या वाचकाला दाखवूनही पटणार नाही, आणि किमतीतला फरक मात्र काही पटींचा असतो.

तपासणीत पानं मोजण्याला फार महत्त्व आहे. ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१वा अंक घ्या. १९७४चा हा अंक वुल्व्हरिनच्या पहिल्या पूर्ण दर्शनामुळे मोलाचा ठरला. पण मार्व्हल कंपनीने त्या काळी अंकात छोटी चित्रतिकिटं छापून ती कापून वहीत चिकटवा, असं पोरांना सांगितलं होतं. आज्ञाधारक पोरांनी कात्री चालवली. आज बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या एखाद्या प्रतीत आत तो चौकोन नसतो आणि तिची किंमत धाडकन खाली येते. त्यानंतर पाहायचं ते कोणी हात फिरवला आहे का. पाठीवर उडालेला काळा रंग मार्करने भरलेला असेल, तर तो अतिनील प्रकाशात किंवा भिंगाखाली उघडा पडतो. फाटकी कड पातळ कागदाने जोडलेली, कोपरा नव्याने बसवलेला, कडा ब्लेडने कापून सरळ केलेली, हे सगळं ‘दुरुस्ती’त मोडतं. मग सीलबंद प्रतीवर निळ्याऐवजी जांभळी चिठ्ठी लागते आणि तीच खरेदीदाराला दूर ठेवते.

मात्र प्रेसिंग या दुरुस्तीत धरलं जात नाही. अंकाला आधी बेताची दमट हवा देतात, म्हणजे कागदाचे तंतू सैल होतात. मग पानांमध्ये आणि वरखाली गुळगुळीत कागद घालून तो तापणाऱ्या प्रेसमध्ये मंद उष्णतेवर दाबतात आणि दाबाखालीच थंड होऊ देतात. कपड्याच्या इस्त्रीसारखंच, फक्त घाई चालत नाही. बोटांचे दाब, वाकलेले कोपरे, पाठीचा बाक असे दोष निघून जातात. पण घडीवर शाईच तडकून आतला पांढरा कागद दिसत असेल, तर घडी सपाट झाली तरी पांढरी रेघ राहतेच. ओल जास्त झाली तर पिना गंजतात, ताप जास्त झाला तर मुखपृष्ठ आकसतं आणि आतली पानं कडेने डोकावू लागतात. त्याआधीची सफाई कोरडी असते. मऊ रबरी स्पंज आणि खोडरबराचा चुरा यांनी धूळ, पेन्सिलीच्या खुणा आणि पांढऱ्या मुखपृष्ठावरचा मळ हलकेच उचलतात. पाण्याने किंवा रसायनाने धुतलं, की गेली प्रत दुरुस्तीच्या खात्यात.

नियम असा दिसतो: छापखान्यातून जेवढा कागद आणि जेवढी शाई बाहेर पडली, त्यात कणाचीही भर घालू नका आणि मूळचा कणही कमी करू नका. मला हा नियम तर्कशुद्ध वाटतो. तरी एक गोष्ट खटकते. नीट केलेलं प्रेसिंग सहसा ओळखूच येत नाही, मग त्यावर बंदी घालणार तरी कशी? २०१२मध्ये सीजीसीच्या समूहाने टेक्सासमधली एक प्रेसिंग कंपनीच विकत घेतली. दाबणारे आणि गुण देणारे एकाच घरचे झाले म्हणून जुन्या संग्राहकांनी नाकं मुरडली, ती उगाच नव्हे.

गंमत म्हणजे सर्वांत नावाजलेल्या संग्रहाला यंत्र लागलंच नव्हतं. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचे एडगर चर्च वर्षानुवर्षं कॉमिक्स घेऊन घरात एकावर एक रचत गेले. हवा कोरडी, जागा अंधारी, आणि वरच्या थरांचं वजन खालच्यांवर. १९७७मध्ये कॉमिक्स विक्रेते चक रोझान्स्की यांनी हा हजारो अंकांचा साठा विकत घेतला, तेव्हा पानं पांढरी आणि अंक सपाट होते. ‘माइल हाय’ हे या संग्रहाचं नाव आजही चिठ्ठीवर लिहिलं जातं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

पानांचा रंग मात्र कोणत्याही प्रेसला परत आणता येत नाही. वर्तमानपत्री कागदातलं लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि कागद ठिसूळ होतो. म्हणून पानं पांढरी, मळकट-पांढरी की तपकिरी हे गुणांसोबत स्वतंत्र लिहितात. आपल्याकडच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या जुन्या मराठी अंकांचं दुखणं तेच, वर पावसाळा आणि कसर.

सीलबंद प्रत कडक प्लास्टिकच्या पेटीत जाते. तिची पानं मग कोणाला उलटता येत नाहीत. पेटी फोडली की गुण रद्द. तरीही लोक फोडतात: ९.४ची प्रत पेटीतून काढून प्रेस करायची आणि ९.६च्या आशेने पुन्हा पाठवायची. जुनी चिठ्ठी परत करण्याचे कष्ट सगळेच घेत नाहीत, त्यामुळे एकच प्रत कंपनीच्या जाहीर नोंदीत दोनतीनदा मोजलेली असू शकते.