एका गोळीची रायफल

‘शिकारीलाही होईल आणि शूटिंगलाही होईल, अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी?’ असं विचारणारे हौशी छत्रपती संभाजीनगरातही भेटतात. परदेशी व्हिडिओ पाहून पडलेला हा प्रश्न. आपल्याकडे शिकार बंद आहे, ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही आणि साध्या परवान्यावर ती मिळतही नाही.

‘गौताळा अभयारण्यात नको, पण आपल्याच रानात मारायला कोण अडवतं?’ कायदा अडवतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्याच्या हद्दीवर थांबत नाही; सातबारा तुमचा असला तरी त्यावर चरणारा रोही तुमचा नाही. रोही आणि रानडुकरं उभ्या पिकाचा चुराडा करतात, रात्रभर जागल करणारा शेतकरी चिडतो, हे खरंच आहे. कलम 11 त्यासाठीच आहे: आधी वनखात्याची लेखी परवानगी, मग गोळी. तसं मारलेलं जनावरही कलम 39 नुसार सरकारजमा. मटणाचे वाटे पडत नाहीत.

आणि पीकरक्षणासाठी 1959 चा शस्त्र कायदा नाव कशाचं घेतो? ठासणीच्या बंदुकीचं! एक बार काढला की पुन्हा दारू ठासत बसायचं. सेमी-ऑटोमॅटिक रायफली 2016 च्या शस्त्र नियमांत वेगळ्या, कडक गटात आहेत. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात त्या नेहमीच्या परवान्यात त्या बसत नाहीत.

‘एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणजे तितर मारायला मोकळे’ हे अर्धवट ज्ञान तर फारच पसरलंय. 4.5 मिलिमीटरपर्यंतची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र लागतं. पण तितर छर्ऱ्याने मारला काय नि फासात धरला काय, गुन्हा तोच. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता खेळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, ते दर वेळी हाताने एकेक काडतूस भरून. सेमी-ऑटोमॅटिक हत्यार ऑलिंपिकमध्ये दिसतं, पण ते पिस्तूल. नेमबाज राही सरनोबतचा 25 मीटरचा प्रकार तो. दहा मीटर एअर रायफलमध्ये 60 नेमांना 75 मिनिटं मिळतात. घाई कशाला हवी? दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे छर्राच त्याच्या नऊपट रुंद! तिथे खांदा, श्वास आणि घोड्यावरचं बोट एवढंच कामाला येतं.

म्हणून ‘महागडी रायफल घेतली की गुण आपोआप वाढतात’ यावरही विश्वास ठेवू नका. नवशिक्याने काही महिने क्लबच्या रायफलवर काढावेत. दस्त्याची लांबी, गालाच्या टेकूची उंची, घोड्याचा ताण आपल्याला किती लागतो हे कळलं की मगच पैसे मोजावेत. एकाच कंपनीच्या छर्ऱ्यांचे वेगवेगळे लॉटही त्याच नळीतून वेगळे जातात. ते झाडून बघावे लागतात. जुनी रायफल घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्याची मुदत सहसा दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत सापडला तर जबाबदारी विकणाऱ्याची नाही, तुमची.